रंगीत ठोकळ्याची शिकवणी

गणिताचा मास्तर म्हणून मी ३४ वर्षे फळ्यापुढे उभा राहिलो. एवढ्या काळात खडूच्या खालोखाल मी कशाचा वापर केला असेल, तर तो दोन शब्दांचा. "सोपं आहे!" त्रैराशिक असो, वर्गसमीकरण असो, की भूमितीतला एखादा अडेलतट्टू सिद्धांत असो, आरंभी "सोपं आहे" म्हणायचे आणि मग शिकवायला लागायचे, अशी माझी रीत. त्यामुळे मुलांना धीर येतो, अशी माझी समजूत होती. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली तरी ती समजूत शाबूत होती. यंदाच्या उन्हाळ्यात ती मोडली, आणि ती मोडणारी व्यक्ती अवघ्या दहा वर्षांची आहे.

ती व्यक्ती म्हणजे माझी नात. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त पुण्याला असतात. नात मात्र सुटी लागली की सहा आठवडे आमच्याकडे इंदूरला येते. मे महिन्यातली दुपार होती. पन्ह्याचे पेले रिकामे झाले होते आणि मी रामबागेतल्या आमच्या घराच्या ओसरीवर वर्तमानपत्राने वारा घेत बसलो होतो. नातीने पिशवीतून एक रंगीबेरंगी ठोकळा काढला, माझ्याकडून तो हवा तसा विस्कटून घेतला, दोन क्षण निरखला, आणि मग तिच्या बोटांनी जी करकर चालविली ती पाहून आमच्या घरातल्या मंडळींना स्वेटरच्या सुयांची आठवण झाली. मिनिटभरात सहाही बाजू एकरंगी! मी "अरे वा!" म्हणालो. तिने ठोकळा पुन्हा विस्कटून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आता तुम्ही करा आजोबा. सोपं आहे."

वाचकांच्या घरातही हा ठोकळा कुठेतरी पडलेला असेलच. मुले त्याला नुसते 'क्यूब' म्हणतात. त्याचा जनक एर्नो रुबिक हा हंगेरीतल्या बुडापेस्टचा. उपयोजित कलांच्या विद्यालयात तो वास्तुरचना शिकवीत असे आणि त्याचे वडील ग्लायडर-विमानांचे रचनाकार होते. १९७४ च्या वसंतात, वयाच्या २९ व्या वर्षी, त्याला एक प्रश्न पडला. लहान तुकड्यांचा एक घन असा जोडता येईल का, की तुकडे निरनिराळ्या दिशांनी फिरावेत पण घन मात्र सुटून पडू नये? लाकडाचे तुकडे आणि रबराचे पट्टे घेऊन त्याने खटपट केली. शेवटी युक्ती साधली. तुकडे ओळखू यावेत म्हणून त्याने बाजूंना रंग दिले आणि कौतुकाने दोनचार फिरक्या दिल्या. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आता पूर्ववत कसे करायचे हे आपल्याला माहीत नाही! ज्याने तो घडविला त्यालाच तो सोडवायला महिन्याहून अधिक काळ लागला. हे वाचल्यावर मला त्या गृहस्थाविषयी मोठी आपुलकी वाटू लागली.

१९७७ साली हा ठोकळा बुडापेस्टच्या दुकानांत 'जादूचा ठोकळा' अशा अर्थाच्या हंगेरियन नावाने आला. १९८० पासून एका अमेरिकन कंपनीने तो रुबिकच्या नावाने जगभर विकला. १९८२ साली बुडापेस्टला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती अमेरिकेच्या मिन्ह थाई नावाच्या मुलाने २२.९५ सेकंदांत जिंकली. २०१८ साली चीनच्या यूशेंग डू याने ३.४७ सेकंदांत तो जुळविला. पन्ह्याचा एक घोट घ्यायलाही याहून अधिक वेळ लागतो.

आता मास्तर म्हटल्यावर मोजदाद आलीच. या ठोकळ्याच्या स्थिती तरी किती? ज्यांनी लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून 'एकं, दहं, शतं' म्हटले आहे, त्यांना भास्कराचार्यांची आठवण करून देतो. ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त त्यांनी अदलाबदलीचे गणित घातले आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म. त्यांची अदलाबदल केली तर रूपे किती? चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे २४. संध्येत केशव-नारायणापासून कृष्णापर्यंत जी २४ नावे आपण घेतो, ती हीच रूपे. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू, म्हणून त्याची रूपे ३६,२८,८००. हात चाराचे दहा झाले तर संख्या २४ वरून ३६ लाखांवर गेली!

हीच रीत ठोकळ्याला लावा. वरवर पाहता तो २७ लहान घनांचा दिसतो, पण पोटात घन नसतोच. असतो तो सहा हातांचा एक सांगाडा. त्या सहा हातांच्या टोकांना प्रत्येक बाजूचा मधला तुकडा असतो. मधले तुकडे जागच्या जागी फिरतात, पण एकमेकांना सोडून जात नाहीत. पांढऱ्याच्या समोर पिवळा तो पिवळाच. उरले आठ कोपरे, त्यांना तीन-तीन रंग. आणि बारा कडेचे तुकडे, त्यांना दोन-दोन रंग. आठ कोपऱ्यांची मांडणी ४०,३२० प्रकारे होते आणि प्रत्येक कोपरा तीन प्रकारे बसू शकतो. बारा कडांची मांडणी ४७,९०,०१,६०० प्रकारे होते आणि प्रत्येक कड दोन प्रकारे बसते. या साऱ्यांचा गुणाकार करून त्याला बाराने भागायचे. बाराने का, ते पुढे सांगतो, कारण त्या बारानेच माझी फजिती केली. उत्तर येते ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००.

ही संख्या वाचायची कशी? आपल्या परंपरेतली अठरा स्थाने परार्धापाशी संपतात. ही त्याच्याही दोन घरे पुढे गेलेली. म्हणजे ४३२ परार्ध आणि वर काही. दर सेकंदाला एक स्थिती पाहू म्हटले, तर सगळ्या पाहून व्हायला १ लाख ३७ हजार कोटी वर्षे लागतील. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा मानतात. तसे तीनशेहून अधिक दिवस! तेव्हा नुसते फिरवीत बसलो तर कधीतरी जमेल, ही आशा सोडलेली बरी.

मी मात्र पहिला आठवडा त्याच आशेवर काढला. नातीचा ठोकळा तिच्या सरावाला लागे, म्हणून राजवाड्यासमोर खेळणी विकणाऱ्या एका फेरीवाल्याकडून मी स्वतःसाठी एक घेतला. तो इतका घट्ट होता की फिरवताना मनगट दुखे. तरी चौथ्या दिवशी पांढरी बाजू जुळली! नऊच्या नऊ घरे पांढरी. मी विजयी मुद्रेने ठोकळा नातीपुढे धरला. तिने तो तिरका करून बाजूचे रंग पाहिले आणि मान हलविली. "आजोबा, वरून पांढरं झालं, पण बाजूंना बघा. लाल तुकडा हिरव्यापाशी बसलाय. तुम्ही रंग जुळवलेत, तुकडे नाही." उत्तर जुळले पण रीत चुकली, असा शेरा मी आयुष्यभर लाल शाईने लिहिला. तो माझ्याच वहीवर पडला.

मग रीतसर शिकवणी सुरू झाली. वेळ दुपारी तीनची, जागा ओसरी. नवशिक्यासाठी जी पद्धत आहे ती थराथराने वर जाण्याची. नात 'लेयर' म्हणे, मी 'मजला' म्हणू लागलो. ज्याचे बालपण राजवाड्याच्या सावलीत गेले, खाली तीन दगडी आणि वर चार लाकडी मजले पाहत गेले, त्याला मजल्याची भाषा लवकर समजते. आधी पांढऱ्याची फुली, मग पांढरे कोपरे, हा तळमजला. मग मधल्या मजल्याच्या चार कडा. शेवटी पिवळा मजला, तो मात्र चार पायऱ्यांनी. जगभरची मुले फिरक्या लिहितात त्या डेव्हिड सिंगमास्टर या गणितज्ञाने रूढ केलेल्या इंग्रजी अक्षरांत. मी माझ्या वहीत उ, डा, व, ख, पु, मा अशी आपली लिपी केली: उजवी, डावी, वरची, खालची, पुढची, मागची.

तळमजला दोन दिवसांत बसला. खरी परीक्षा मधल्या मजल्यापाशी होती. तिथे कडेचा तुकडा घरी न्यायचा, तर मोठ्या कष्टाने बसविलेला एक पांढरा कोपरा आधी जागचा उचलावा लागतो. त्याला वर न्यायचे, तिथे त्याची आणि त्या कडेची गाठ घालून द्यायची, आणि मग दोघांना मिळून खाली आणायचे. कागदावर हे समजते. हात ऐकत नाही. कोपरा उचलला की माझी छाती धडधडे आणि मी अर्ध्यातच उलटी फिरकी देऊन तो परत बसवी. तळ शाबूत राही, पण काम तसूभरही पुढे सरकत नसे. नात म्हणे, "आजोबा, मध्ये थांबू नका ना! मोडलं तरी पूर्ण करा. परत येतं ते."

परत येते, हे तिने मला करून दाखविले. चार फिरक्यांचा एक फेर आहे: उजवी वर, वरची डावीकडे, उजवी खाली, वरची उजवीकडे. जुळलेल्या ठोकळ्यावर हा फेर एकदा केला की रंग विस्कटतात, दोनदा केला की आणखी विस्कटतात, तीनदा केल्यावर तर ओळख पटत नाही. पण न थांबता सहा वेळा केला की ठोकळा जसाच्या तसा घरी येतो! मला एकदम देवळालीचे कापरेकर गुरुजी आठवले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळेत शिकवीत आणि अंकांशी खेळत. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर गेले. त्यांचा ६१७४ चा खेळ मी पावसाळी दिवशी वर्गात घेत असे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि हेच करीत राहा. ठोकळ्याचे जन्मवर्ष १९७४ घेतले तर ८२६२, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि पाचव्या खेपेला ६१७४. कोणतीही संख्या घ्या, सात खेपांच्या आत तिथेच पोचाल. असे खेळ मी इतरांना दाखविले. पण मधल्या खेपेला असताना मनाचे काय होते, ते मला आत्ता कळत होते.

मधला मजला दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस झाला. पिवळ्या मजल्याशी मी पाच दिवस झटलो. सहाव्या दिवशी, नात शेजारी खेळायला गेली असताना, मी एक कृत्य केले. ते सांगायला संकोच वाटतो, पण त्यावाचून पुढचे सांगता येणार नाही. मी पेचकस आणला. वरचा मजला अर्धा फिरवून, कडेच्या तुकड्याखाली पेचकस घालून तो उचकला. सगळे तुकडे सुटे करायचे आणि रंगवार बसवून नातीपुढे ठेवायचे, असा साधासुधा लबाडीचा बेत होता. पण तुकडा उसळला, त्याच्यामागून इतर उसळले, काही पलंगाखाली गेले, आणि तेवढ्यात फाटकाची कडी वाजली! हाताला येईल तो तुकडा दिसेल त्या खाचेत दाबून मी ठोकळा बंद केला. "काय करताय आजोबा?" "सराव," मी म्हणालो.

त्यानंतरचे आठ दिवस मी विसरणार नाही. मी आता खरोखरच प्रामाणिकपणे, वही पुढे ठेवून, पायरीमागून पायरी ठोकळा जुळवू लागलो. सगळे जुळे, आणि शेवटी एकच कोपरा वाकडा राही. पुन्हा विस्कटून पहिल्यापासून सुरुवात करी; पुन्हा एकच कोपरा वाकडा. रात्री झोपेतही बोटे फिरत. माझी स्मरणशक्ती गेली, डोके चालेनासे झाले, वयच झाले, असे मी मनाशी ठरवून टाकले. घरात दोनदा चिडूनही बोललो. एका संध्याकाळी नातीने तो ठोकळा हातात घेतला, अंतिम पायरीपर्यंत आणला, आणि थबकली. मग माझ्याकडे रोखून पाहत विचारले, "हा कुणी उघडला होता?"

३४ वर्षे मी ज्या खुर्चीवरून मुलांना हा प्रश्न विचारला, तिच्यासमोर त्या दिवशी मी उभा होतो. मी कबूल केले. ती रागावली नाही. म्हणाली, "मग तुम्हाला कसा सुटेल? हा सुटणारच नाही. कुणालाच नाही."

हीच त्या बाराची गोष्ट. ठोकळ्याचे तुकडे सुटे करून मनाला येईल तसे बसविले, तर बारांपैकी एकाच खेपेला तो सुटण्याजोगा बसतो. कोपऱ्यांना मिळालेल्या पिळांची बेरीज नेहमी तिनाच्या पटीत राहते. एकटा कोपरा पिळलेला राहूच शकत नाही. उलटलेल्या कडा नेहमी सम संख्येत असतात. आणि दोनच तुकड्यांची अदलाबदल होऊन बाकी सारे जागेवर, असे कधी होत नाही. तीन गुणिले दोन गुणिले दोन, बारा. पंधरा सोंगट्या सरकवण्याच्या जुन्या खेळातही हेच आहे. त्यातले १४ आणि १५ उलटे ठेवले तर तो सुटत नाही, हे १८७९ सालीच सिद्ध झालेले असताना, पुढच्या वर्षी अमेरिकेत लोक त्यापायी वेडे झाले होते. मी ज्या जागी पोचू पाहत होतो तिथे जाणारी वाटच नव्हती, आणि आठ दिवस मी दोष देत होतो तो माझ्या डोक्याला.

नातीने तो कोपरा बोटांनी जोर लावून जागच्या जागी पिळला, ठोकळा विस्कटला आणि परत दिला. "आता करा."

याच्या दुसऱ्याच दिवशी नातीची सायकल खड्ड्यात आपटली आणि मागचे चाक वाकले. जुन्या इंदुरातल्या एका गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्त करणारा चांगला कारागीर आहे असे कळले, म्हणून मी ती ढकलीत घेऊन गेलो. पन्नाशीचा माणूस होता. "सर, बसा. दहा मिनिटांत आउट काढून देतो," म्हणत त्याने सायकल उलटी केली आणि चाकाला गती दिली. रिमजवळ खडू धरला. जिथे चाक बाहेर झुकले होते तिथे खडूची रेघ उमटली. मग तो तारांशी बसला. चाक ज्या अंगाला झुकले त्या अंगाची तार पाव आटा ढिली, समोरच्या अंगाची पाव आटा घट्ट. पुन्हा गती, पुन्हा खडू. एक तार ओढली की तिचा ताण शेजारच्या तारांवर जातो. म्हणून इथले जुळवताना तिथले बिघडते, आणि तो ते बिघडू देत होता. मधूनच बोटाने तारा छेडून आवाज ऐके. आलेल्या एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "भिया, रुको जरा." मला राहवेना. पिशवीतला ठोकळा काढून मी त्याच्यापुढे धरला. म्हटले, "हे पाहा, अगदी तुझ्या कामासारखेच आहे."

त्याने हात पुसून ठोकळा घेतला, दोन फिरक्या दिल्या आणि परत केला. "हे डोक्याचं काम आहे सर. आपलं डोकं गणितात नाही. तुम्हीच तर म्हणाला होतात." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मी चकित होऊन पाहत राहिलो. "ओळखलं नाही ना? नववी ब. तिसरा बाक."

मग ओळखले. पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यावेळच्या एका पुस्तकात हौद आणि नळांचे एक उदाहरण होते, आणि त्याचे मागच्या पानावर छापलेले उत्तर चुकीचे होते. मला ते ठाऊक होते. ती चूक मी मुलांना कधी सांगत नसे. उत्तर पाहून नक्कल करणारे पकडायला तो माझा हुकमी सापळा होता, आणि शिक्षकांच्या खोलीत मी त्याची फुशारकीही मारीत असे. या मुलाच्या वहीत तेच चुकीचे उत्तर निघाले. मी त्याला वही उंच धरून वर्गापुढे उभे केले आणि म्हणालो, "इतकं सोपं उदाहरण, तरी नक्कल! तुझं डोकंच गणितात नाही." वर्ग हसला. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली. माझ्यामुळेच सोडली असे म्हणणे, हा एक प्रकारचा अहंकारच होईल. घरची परिस्थितीही असेल. पण पुढे अधूनमधून तो मुलगा आठवे, आणि दर वेळी मी स्वतःला सांगे, नक्कल ती नक्कलच.

चाक फिरवता फिरवता तो बोलू लागला. "एक नळ बारा तासांत भरतो, दुसरा पंधरा, तिसरा वीस तासांत रिकामा करतो. तिन्ही उघडले तर हौद किती वेळात भरेल? सर, मला आधी दहा आले होते. मागे बघितलं तर बारा छापलेले. म्हटलं, पुस्तक कसं चुकेल? आपलंच चुकलं असणार. खोडलं. रात्री बसून बारा आणण्यासाठी काय काय केलं, पण सरळ काही येईना. मग कसंतरी ओढून-ताणून बारा लिहिले."

मी गप्प झालो. सापळ्यात कोण अडकेल याचा विचार मी कधी केला नव्हता. ज्याने उदाहरण केलेच नाही तो अडकणार, हे उघड. पण ज्याने केले, बरोबर केले, आणि स्वतःच्या उत्तराहून पुस्तकावर आणि मास्तरांवर अधिक विश्वास ठेवला, तोही अडकणार हे ३४ वर्षांत माझ्या ध्यानात आले नव्हते. त्या रात्री तो मुलगा न सुटणाऱ्या ठोकळ्यापुढे बसला होता. फरक एवढाच, की माझा ठोकळा मीच बिघडवला होता, आणि त्याचाही मीच.

मी त्याला सर्व सांगितले: पुस्तकातली चूक मला ठाऊक असल्याचे, सापळ्याचे, आणि पेचकसाचेही. म्हणालो, "चूक माझी होती. मला क्षमा कर." तो ओशाळला. "जाऊ द्या सर, किती वर्षं झाली त्याला." मग चाक थांबवून, खडू हातात तसाच धरून, त्याने विचारले, "पण सर, बरोबर होतं ना?"

एक भागिले बारा अधिक एक भागिले पंधरा, वजा एक भागिले वीस. साठांशात पाच, चार आणि उणे तीन. सहा साठांश, म्हणजे एक दशांश. "दहाच येतात," मी म्हणालो. "तुझं बरोबर होतं."

तो हसला आणि हवा भरणाऱ्या पोराकडे वळून म्हणाला, "सुना क्या? दस ही था!" त्या पोराला काय कळले कोण जाणे. दुरुस्तीचे पैसे तो घेईना. मी ते खडूच्या डबीखाली ठेवून आलो.

नात पुण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी मी माझा ठोकळा सोडविला. शेवटच्या पायरीवर फेर चालू असताना खालचे दोन्ही मजले डोळ्यांदेखत उद्ध्वस्त होतात. या वेळी मी थांबलो नाही. एक कोपरा, दुसरा कोपरा, आणि मग दोन फिरक्यांत सारे रंग घरी परतले. एकंदर फिरक्या १६० च्या आसपास झाल्या असतील, वेळ अकरा मिनिटे. कोणताही विस्कटलेला ठोकळा जास्तीत जास्त २० फिरक्यांत सुटतो, हे २०१० साली चार संशोधकांनी गूगलच्या संगणकांच्या मदतीने सिद्ध केले आहे. तेव्हा माझ्या १४० फिरक्या नवशिक्याच्या खात्यावर मांडायच्या.

नात टाळ्या वाजवून म्हणाली, "सोपं होतं ना आजोबा?"

"नव्हतं," मी म्हणालो. "पण जमलं."

आता शेजारपाजारची दोनचार मुले दुपारी आमच्या ओसरीवर ठोकळे घेऊन येतात. एखादे अडले आणि रडकुंडीला आले, की मी आधी त्याचा ठोकळा हातात घेऊन पाहतो, तो सुटण्याजोगा जोडलेला आहे की नाही.